अकरांतले पाच

१० जानेवारी २०२२ च्या रात्री इंडियानापोलिसमध्ये अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना झाला. अलाबामा विरुद्ध जॉर्जिया. पाच आठवड्यांपूर्वीच, ४ डिसेंबरला, हे दोन संघ अटलांटात भिडले होते आणि अलाबामाने ४१-२४ असा दणदणीत विजय मिळवला होता. त्या मोसमात तोवर जॉर्जियाचा बचाव सामन्यामागे सरासरी सात गुणसुद्धा देत नव्हता. तरीही क्वार्टरबॅक ब्राइस यंगने त्यांच्यावर ४२१ यार्डांचे पास फेकले, आणि जेमसन विल्यम्स या एकट्या रिसीव्हरने १८४ यार्ड मिळवत ६७ आणि ५५ यार्डांचे दोन टचडाउन केले.

इंडियानापोलिसमध्ये यंग तोच होता आणि प्रशिक्षक निक सेबनही तेच. पण दुसरा प्रमुख रिसीव्हर जॉन मेची अटलांटातच गुडघा दुखावून बाहेर गेला होता. विल्यम्सने दुसऱ्या क्वार्टरमध्ये ४० यार्डांचा पास झेलला आणि त्याच धावेत त्याचाही गुडघा गेला. यंगने त्या रात्री ५७ पास फेकले. एवढे करून अलाबामाच्या वाट्याला टचडाउन आला एकच, तोही टाइट एन्ड कॅमेरॉन लाटूने तीन यार्डांच्या पासवर केलेला. जॉर्जियाने सामना ३३-१८ असा जिंकला आणि १९८० नंतर पहिल्यांदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

या खेळात कौतुक आणि टीका दोन्ही क्वार्टरबॅकच्या खात्यावर जमा होतात. माझे मत असे की कॉलेजच्या पातळीवर आक्रमणाला आकार देतात ते चेंडू झेलणारे: कडेला उभे राहणारे वाइड रिसीव्हर आणि पुढच्या रेषेच्या टोकाशी उभा राहणारा टाइट एन्ड. क्वार्टरबॅक काय करू शकेल, धावणाऱ्याला वाट मिळेल की नाही, प्रशिक्षकाच्या वहीतली कोणती पाने उघडतील, हे बरेचसे त्यांच्यावर ठरते. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर हे वारंवार दिसते.

आधी नियम. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. आक्रमण करणाऱ्या संघाचे साधारणपणे सात जण पुढच्या रेषेवर आणि चार जण मागे असतात. रेषेच्या दोन टोकांचे दोघे आणि मागचे चौघे एवढ्यांनाच पुढे फेकलेला पास झेलण्याची मुभा असते. मागच्या चौघांतला एक स्वतः फेकणारा, म्हणजे उरले पाच. रेषेवरच्या मधल्या पाच धिप्पाड खेळाडूंचे काम फक्त अडवण्याचे. म्हणून बचाव करणाऱ्याला अकरांपैकी पाचांचीच काळजी, आणि आक्रमणाची सगळी कल्पकता ते पाच कुठे उभे करायचे यात. सगळ्यांना रेषेजवळ दाटीने उभे केले तर बचावाचे अकराही तिथेच गोळा होतात. चौघांना कडेपर्यंत पांगवले तर बचावालाही पांगावे लागते, आणि मधे चेंडू घेऊन धावणाऱ्याला जागा मिळते. चेंडू हातात न येताही रिसीव्हर काम करतो ते असे.

टाइट एन्ड हा या पाचांतला सर्वांत अवघड माणूस. तो अडवणाऱ्या पाचांतल्या टोकाच्या खेळाडूच्या, म्हणजे टॅकलच्या, खांद्याला खांदा लावून उभा असतो, त्यामुळे चेंडू सुटताच तो समोरच्या सव्वाशे किलोच्या गड्याला अडवणार की बचावाच्या फळीतून निसटून पास झेलायला पळणार, हे बचावपटूला आधी कळत नाही. वाइड रिसीव्हरचा हेतू बहुधा उघड असतो. टाइट एन्डचा हेतू शेवटच्या क्षणापर्यंत झाकलेला राहतो.

कॉलेजच्या मैदानाची एक गोष्ट व्यावसायिक फुटबॉलपेक्षा वेगळी आहे आणि ती रिसीव्हरांचे महत्त्व वाढवते. मैदानाची रुंदी दोन्हीकडे १६० फूटच. पण खेळ जिथून पुन्हा सुरू होतो त्या आखलेल्या खुणांच्या दोन रांगा व्यावसायिक मैदानावर मध्याजवळ, जेमतेम साडेअठरा फुटांच्या अंतरावर असतात. कॉलेजच्या मैदानावर त्यांच्यातले अंतर ४० फूट. त्यामुळे चेंडू डाव्या खुणेवर आला की डावीकडे २० यार्ड उरतात आणि उजवीकडे ३३ हून अधिक. रुंद बाजूला तीन रिसीव्हर पाठवले तर बचावाला ती सगळी मोकळी जमीन राखायला माणसे द्यावी लागतात, आणि अरुंद बाजूला उरतो एकटा रिसीव्हर, समोर एकटा कॉर्नरबॅक. त्या जागी उंच, ताकदवान आणि झेल न सोडणारा खेळाडू असेल तर बचावाची पंचाईत होते. कॉलेजमध्ये झेल घेताना एकच पाय मैदानात टेकला तरी चालतो, व्यावसायिक खेळात दोन्ही लागतात. कडेच्या रेषेवर खेळणाऱ्याला ही सवलत फार उपयोगी पडते.

पुढे पास फेकण्याची परवानगी या खेळात उशिरा आली. १९०५ च्या मोसमात मैदानावर मुले दगावली, इतकी की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्सटनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. दाटीत होणारी चेंगराचेंगरी कमी व्हावी म्हणून १९०६ मध्ये पुढे पास फेकणे कायदेशीर झाले. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला सेंट लुइस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने पहिला कायदेशीर पास फेकला. तो खाली पडला, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला. नंतर त्याच सामन्यात त्याने जॅक श्नायडरला पास देऊन टचडाउन मिळवला. पण अशा कडक नियमांमुळे बराच काळ पास हा जुगारच मानला जाई.

तो समज मोडायला नोत्र दामच्या दोन मित्रांनी मोठा हातभार लावला. १९१३ च्या उन्हाळ्यात गस डोराइस आणि क्नूट रॉकनी ओहायोतल्या सीडर पॉइंटच्या किनाऱ्यावर कामाला होते आणि फावल्या वेळात वाळूत पासचा सराव करत. डोराइस फेकायचा, रॉकनी धावता धावता झेलायचा. १ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंटमध्ये आर्मीविरुद्ध त्यांनी तेच केले आणि नोत्र दामने ३५-१३ असा विजय मिळवला. आर्मीचे खेळाडू वजनाने भारी होते, पण धावणाऱ्या रॉकनीला गाठायला त्यांची माणसे योग्य जागी नव्हती. १९३५ च्या पहिल्या दिवशी रोझ बाउलमध्ये अलाबामाने स्टॅनफर्डला २९-१३ असे हरवले तेव्हा डिक्सी हॉवेलचे पास झेलणारा डॉन हटसन एका टोकाला होता. दुसऱ्या टोकाला बेअर ब्रायंट, जो पुढे अलाबामाचा प्रशिक्षक म्हणून अजरामर झाला.

त्यानंतरची कित्येक दशके कॉलेजमध्ये धावण्याचेच राज्य होते. १९६८ मध्ये टेक्ससने विशबोन नावाची रचना आणली आणि ती देशभर पसरली. तिच्यात रिसीव्हरचे मुख्य काम अडवण्याचे. आर्मी आणि नेव्ही या लष्करी अकादम्यांनी त्या घराण्याचा खेळ पुढेही जपला. पण तिथेही कडेचा एक चांगला खेळाडू काय करू शकतो याचा नमुना जॉर्जिया टेकच्या २००९ च्या संघाने दाखवला. संघ सतत धावणारा, म्हणून बचावाचे दहा जण आत ओढलेले, आणि बाहेर डेमेरियस थॉमससमोर एकटा माणूस. थॉमसने मोसमात अवघे ४६ झेल घेतले, पण त्यांतून १,१५४ यार्ड काढले, म्हणजे झेलामागे २५ यार्डांहून जास्त. झेलांची संख्या पाहून रिसीव्हरची किंमत करणाऱ्यांनी हा आकडा जरूर आठवावा.

पासचा खेळ खऱ्या अर्थाने रुजवला तो युटामधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने. लव्हेल एडवर्ड्स १९७२ मध्ये तिथले मुख्य प्रशिक्षक झाले. देशातले सर्वोत्तम खेळाडू आपल्याकडे येणार नाहीत हे ओळखून त्यांनी अचूक पास आणि नेमक्या जागी पोचणारे झेलणारे यांवर संघ उभा केला. त्यांच्या पद्धतीत टाइट एन्डला मोठा मान होता, कारण बचावाने कडा राखल्या की मधली पोकळी त्याचीच. १९८० च्या हॉलिडे बाउलमध्ये सदर्न मेथडिस्टविरुद्ध शेवटची चार मिनिटे उरली असताना त्यांचा संघ २० गुणांनी मागे होता. शेवटच्या पासवर जिम मॅकमॅहनने ४१ यार्ड लांब फेकलेला चेंडू गोलरेषेपलीकडच्या गर्दीत टाइट एन्ड क्ले ब्राउनने झेलला, आणि सामना ४६-४५ असा फिरला. १९८४ मध्ये हाच संघ राष्ट्रीय विजेता ठरला.

एडवर्ड्स यांच्या कल्पना हॅल ममी आणि माइक लीच यांनी १९८९ पासून आयोवा वेस्लियन या छोट्या कॉलेजात आणखी सोप्या आणि आणखी टोकाच्या केल्या. हीच पद्धत पुढे 'एअर रेड' म्हणून गाजली. चार रिसीव्हर मैदानभर पांगवायचे, मोजकेच डाव ठेवायचे आणि ते इतके घोटायचे की झोपेतही चुकू नयेत. त्यांतला प्रसिद्ध डाव 'मेश': दोन बाजूंचे दोन रिसीव्हर आडवे धावत एकमेकांना अगदी चाटून जातात, त्यामुळे त्यांच्यामागे पळणारे बचावपटू एकमेकांत अडकतात. लीच २००० मध्ये टेक्सस टेकला गेला. तिथे त्याने टाइट एन्डची जुनी जागा जवळपास रिकामीच ठेवली आणि तिथेही रिसीव्हरच उभा केला. २००७ मध्ये मायकल क्रॅबट्रीने पहिल्याच मोसमात १३४ झेल, १,९६२ यार्ड आणि २२ टचडाउन केले. पुढच्या वर्षी १ नोव्हेंबरला, एक सेकंद उरलेला असताना, कडेच्या रेषेजवळ ग्रॅहम हॅरेलचा पास झेलून, दोन बचावपटूंच्या तावडीतून सुटून त्याने टेक्ससला ३९-३३ असे हरवले. त्याच महिन्यात मात्र ओक्लाहोमाने टेक्सस टेकचा ६५-२१ असा धुव्वा उडवला. फक्त पांगवून जिंकण्याला मर्यादा आहेत हे तेव्हाच दिसले होते.

लीचच्या शिष्यांपैकी लिंकन रायलीने हा धडा बरोबर घेतला, असे मला वाटते. ओक्लाहोमात त्याने पांगलेली रचना ठेवली, पण टाइट एन्ड परत आणला. २०१७ मध्ये मार्क अँड्र्यूजने ६२ झेलांत ९५८ यार्ड काढले आणि सर्वोत्तम टाइट एन्डला मिळणारा मॅकी पुरस्कार जिंकला. क्वार्टरबॅक बेकर मेफील्डला त्या वर्षी सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा हाइझमन करंडक मिळाला. कॉलेजच्या एका नियमाची या मिश्रणाला मदत होते. पास फेकला जाण्यापूर्वी पुढच्या रेषेवरचे खेळाडू रेषेपलीकडे तीन यार्ड जाऊ शकतात, व्यावसायिक खेळात फक्त एक. त्यामुळे पुढची फळी धावण्याचा डाव असल्यासारखी पुढे रेटते, क्वार्टरबॅक बचावाच्या एका लाइनबॅकरवर नजर ठेवतो, तो धावणाऱ्याकडे झेपावला की चेंडू त्याच्या मागे पोचलेल्या रिसीव्हरकडे किंवा टाइट एन्डकडे जातो, आणि तो मागे सरला की चेंडू धावणाऱ्याच्या हातात. त्या लाइनबॅकरने काहीही केले तरी ते चुकीचेच ठरते. हा डाव चालायला झेलणारा ठरलेल्या क्षणी ठरलेल्या जागी हवा, आणि ते शिकवायला महिने लागतात.

आता जॉर्जियाकडे यायला हवे, कारण टाइट एन्ड केंद्रस्थानी ठेवून आक्रमण कसे उभे राहते याचे याहून चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नापाहून आलेल्या ब्रॉक बावर्सने पहिल्या वर्षी ५६ झेल, ८८२ यार्ड आणि १३ टचडाउन केले. २०२२ मध्ये त्याच्या जोडीला होता सहा फूट सात इंचांचा डार्नेल वॉशिंग्टन. प्रशिक्षक टॉड मंकन दोघांना एकदम मैदानात उतरवत. बचावापुढे मग प्रश्न उभा राहायचा. दोन टाइट एन्ड आले म्हणून वजनदार लाइनबॅकर आणावे, तर बावर्सच्या वेगापुढे त्यांचे काही चालत नाही. चपळ बचावपटू आणावे, तर वॉशिंग्टन त्यांना बाजूला सारून धावणाऱ्याला वाट करून देतो. त्यात कॉलेजचा नियम असा की आक्रमणाने खेळाडू बदलले तरच बचावाला बदलायला वेळ दिला जातो. जॉर्जिया तेच अकरा ठेवून एका डावात दाटीने आणि पुढच्या डावात पांगून उभी राहायची, बावर्स कधी रेषेवर, कधी कडेला, कधी धावणाऱ्याच्या जागी. केंट स्टेटविरुद्ध २०२२ मध्ये चेंडू हातात घेऊन तो ७५ यार्ड धावला आणि टचडाउन केला. फ्लोरिडाविरुद्ध त्याच वर्षी बचावपटूच्या हाताला लागून उडालेला पास त्याने धावता धावता हवेत सावरला आणि ७३ यार्ड नेला.

९ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय अंतिम सामन्यात जॉर्जियाने टेक्सस ख्रिश्चनला ६५-७ असे चिरडले. त्यात बावर्सचे १५२ यार्ड होते. जॉर्जियाच्या त्या संघात विल्यम्सच्या तोडीचा कडेचा रिसीव्हर नव्हता. क्वार्टरबॅक स्टेटसन बेनेट शिष्यवृत्तीशिवाय संघात आलेला. पण बचावाला प्रत्येक डावाआधी जो चुकीचा निर्णय घ्यावा लागायचा, तो टाइट एन्डमुळे. मॅकी पुरस्कार २००० पासून दिला जातो, आणि तो दोनदा जिंकणारा पहिला खेळाडू बावर्सच.

मग टाइट एन्ड मिळाला की काम झाले का? नाही. आयोवाकडे पाहा. कर्क फेरेंट्झ यांच्या हाताखाली तिथे डॅलस क्लार्क, जॉर्ज किटल, टी. जे. हॉकन्सन, नोआ फँट, सॅम लपोर्टा असे एकाहून एक टाइट एन्ड घडले. व्यावसायिक संघांच्या २०१९ च्या निवडीत हॉकन्सन आणि फँट दोघेही पहिल्या फेरीत गेले, एकाच कॉलेजचे दोन टाइट एन्ड पहिल्या फेरीत जाण्याची ती पहिलीच वेळ. तरीही २०२२ आणि २०२३ मध्ये आयोवाचे आक्रमण देशात तळाशी होते. कारणे अनेक, पण कडेच्या रिसीव्हरांची भीती कुणालाच नव्हती हे त्यांतले मोठे. बचाव निर्धास्तपणे आत दाटी करायचा, आणि टाइट एन्डला मिळायची ती गर्दीतली जागा.

पेन स्टेटची २०२४ ची कहाणी तर जिवाला लागते. टायलर वॉरन हा त्यांचा टाइट एन्ड त्या वर्षी देशातला सर्वांत बहुगुणी खेळाडू होता. १०४ झेल, १,२३३ यार्ड, शिवाय चेंडू घेऊन धावणेही. १२ ऑक्टोबरला लॉस एंजेलिसमध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाविरुद्ध (यूएससी) त्याने १७ झेलांत २२४ यार्ड काढले. त्यातला एक टचडाउन तपशिलाने सांगण्यासारखा. वॉरन चक्क सेंटरच्या जागी, चेंडूवर वाकून उभा राहिला. रेषेवरचे बाकीचे एकाच बाजूला, त्यामुळे तो रेषेच्या टोकाचा खेळाडू ठरला आणि नियमाने पास झेलायला पात्र झाला. त्यानेच चेंडू मागे दिला, आणि तो चेंडू क्वार्टरबॅक ड्रू अ‍ॅलरकडे पोचेपर्यंत वॉरन बचावात घुसून पुढे निघाला होता. ३२ यार्डांचा पास, टचडाउन. पेन स्टेटने सामना जादा वेळेत ३३-३० असा जिंकला. पण ९ जानेवारी २०२५ च्या उपांत्य सामन्यात नोत्र दामविरुद्ध पेन स्टेटच्या एकाही वाइड रिसीव्हरला एकही झेल मिळाला नाही. वॉरन झटत होता, धावणारे झटत होते, तरी २७-२४ असा पराभव झाला. इतका चांगला टाइट एन्ड असूनही अंतिम सामना हुकला, याचे दुःख त्या विद्यापीठात शिकणाऱ्या आपल्याकडच्या मुलांनाही झाले असेल. पुण्यामुंबईहून तिथे गेलेल्यांना पहिल्या सप्टेंबरातच कळते की शनिवारी सगळे गाव स्टेडियमकडे निघते.

कडेच्या रिसीव्हरांनी सगळे बदलून टाकल्याचे ठळक उदाहरण म्हणजे लुइझियाना स्टेटचा २०१९ चा संघ. २०१८ मध्ये जो बरो तिथे होताच, आणि त्याने मोसमात १६ टचडाउन पास फेकले होते. पुढच्या वर्षी ६०. न्यू ऑर्लीन्स सेंट्सकडून आलेल्या तरुण जो ब्रेडीने पासच्या खेळाची मांडणी बदलली. जस्टिन जेफरसनला कडेवरून आत, स्लॉटच्या जागी आणले. जमार चेस आदल्या वर्षी नवखा होता, तो आता कडेला पक्का झाला. चेसने १,७८० यार्ड आणि २० टचडाउन केले, जेफरसनने १११ झेल आणि १८ टचडाउन. श्रेय बरोचे आहे, ब्रेडीचेही. पण चेससमोर एकटा माणूस ठेवणे परवडत नाही म्हणून बचावातला मागचा सेफ्टी तिकडे सरकायचा, आणि त्याच क्षणी आत जेफरसन मोकळा व्हायचा. क्रिकेटमध्ये कर्णधाराने चौकार रोखायला क्षेत्ररक्षक सीमारेषेवर पाठवले की एकेरी धावा सुटतात, तसेच हे. १३ जानेवारी २०२० च्या अंतिम सामन्यात क्लेमसनविरुद्ध चेसने २२१ यार्ड काढले, पण गोलरेषेजवळचे दोन टचडाउन टाइट एन्ड थाडियस मॉसचे होते. संघ १५ पैकी १५ सामने जिंकला.

पुढच्याच मोसमात अलाबामाच्या डेव्हॉन्टा स्मिथने ११७ झेल, १,८५६ यार्ड आणि २३ टचडाउन करून हाइझमन करंडक मिळवला. १९९१ च्या डेस्मंड हॉवर्डनंतर हा मान मिळवणारा तो पहिला रिसीव्हर. सडपातळ अंगाचा हा मुलगा इतका अचूक धावायचा की बचावपटूंना त्याच्या वळणाचा अंदाजच येत नसे.

सध्याचे घराणे म्हणाल तर ओहायो स्टेट. ब्रायन हार्टलाइन यांनी तिथे रिसीव्हर घडवण्याची जी परंपरा निर्माण केली तिला सध्या तोड नाही: क्रिस ओलावे, गॅरेट विल्सन, जॅक्सन स्मिथ-एनजिग्बा, मार्विन हॅरिसन ज्युनियर, एमेका एगबुका. स्मिथ-एनजिग्बाने २०२२ च्या रोझ बाउलमध्ये युटाविरुद्ध ३४७ यार्ड काढले होते. २०२४ मध्ये जेरेमाया स्मिथ हा पहिल्या वर्षाचा मुलगा आला आणि १,३१५ यार्ड करून गेला. उपांत्य सामन्यात टेक्ससने त्याला असे जखडले की त्याला एक झेल आणि तीन यार्ड एवढेच मिळाले. आकड्यांवर जाणारा म्हणेल, स्मिथ अपयशी. पण त्याच्यावर माणसे खर्च झाल्याने बाकीच्यांना जागा मिळाली, ट्रेव्हियन हेंडरसनने छोटासा पास घेऊन ७५ यार्ड धाव काढली आणि ओहायो स्टेट २८-१४ असा जिंकला. अंतिम सामन्यात नोत्र दाम ३१-२३ पर्यंत जवळ आला होता. तिसरा डाव, चेंडू राखायला अजून ११ यार्ड मिळवायचे. नोत्र दामने दबाव टाकायला माणसे पुढे सोडली आणि स्मिथसमोर एकटा बचावपटू ठेवला. विल हॉवर्डने उंच पास टाकला, ५६ यार्ड. सामना तिथेच संपला.

हे खेळाडू मिळवण्याचा मार्गही आता बदलला आहे. २०२१ मध्ये खेळाडूंना एकदा कॉलेज बदलून लगेच खेळता येऊ लागले आणि स्वतःच्या नावावर पैसेही मिळवता येऊ लागले. लेखाच्या सुरुवातीचा जेमसन विल्यम्स हा मुळात ओहायो स्टेटचा, गर्दीत संधी मिळेना म्हणून अलाबामाला गेलेला. २०२१ चा सर्वोत्तम रिसीव्हर जॉर्डन अ‍ॅडिसन पिट्सबर्ग सोडून यूएससीला गेला. रिसीव्हर विकत आणता येतो, असे म्हणायला हरकत नाही, कारण त्याची कला बरीचशी त्याच्यासोबत येते. टाइट एन्डचे तसे नाही. शाळांमधले बहुतेक संघ आता पांगून खेळतात, त्यामुळे अडवणे आणि झेलणे दोन्ही येणारी मुले तयारच कमी होतात. कॉलेजला ती घडवावी लागतात, कधी बास्केटबॉलच्या कोर्टावरूनही आणावी लागतात. मायामीचा जिमी ग्रॅहम चार वर्षे बास्केटबॉल खेळला आणि फुटबॉल केवळ एक वर्ष. त्यानंतर तो व्यावसायिक खेळात नावाजला.

माझा निष्कर्ष सरळ आहे. एका माणसाला झेपणार नाही असा एक तरी रिसीव्हर कडेला हवा, आणि त्याच्या आत अडवणारा व झेलणारा असा दोन्ही गुणांचा टाइट एन्ड हवा. पहिला नसेल तर दुसरा बहुधा गर्दीत अडकतो, जसा वॉरन अडकला. दुसरा नसेल तर संघ पांगलेलाच राहतो आणि दोन यार्डांसाठी झगडतो. दोन्ही असतील तर साधा क्वार्टरबॅकही मोठा दिसतो. तिसरी गोष्ट मोजायला अवघड, पण मला ती फार मोलाची वाटते: अडवणारा रिसीव्हर. रेषेमागे झेललेल्या छोट्या पासच्या वेळी इतर रिसीव्हरांनी पुढे बचावपटूंना अडवणे कॉलेजच्या नियमांत बसते, आणि हेंडरसनसारख्या ७५ यार्डांच्या धावेतला मोठा वाटा अशा न मोजल्या जाणाऱ्या कामाचा असतो. पुरस्कार देणाऱ्यांनी याचीही नोंद ठेवायला हवी.

पुढच्या मोसमात एखादा कॉलेजचा सामना पाहाल तेव्हा पहिल्या डावाआधी चेंडूकडे पाहू नका. सर्वांत मागे उभे असलेले दोन सेफ्टी कुठे आहेत ते पाहा, आणि कुणामुळे ते तिथे आहेत ते शोधा. मग टाइट एन्डवर चार-पाच डाव नजर ठेवा. तो संघ त्या दिवशी किती गुण करू शकेल याचा अंदाज तुम्हाला पहिल्या क्वार्टरमध्येच येईल.